कुंपणापाशी थांबलेला हिरवा रंग

मिशन कंपाउंडमागे,
जि. अहिल्यानगर
३ जून २०२५

चि. आमोस यास, अ. उ. आ.

शहराचा नवा विकास आराखडा लागला. आईची पेरूची बाग पुन्हा हिरव्या पट्ट्यात! म्हणजे तिथे घर बांधायचं नाही. शेतघराला एकर लागतो आणि आपले जेमतेम पंधरा गुंठे. अठ्ठावीस वर्षं भाड्याच्या घराच्या बत्तीस पायऱ्या चढते आहे. डॉक्टर म्हणतात, गुडघे बदला नाहीतर घर बदला. पहिल्या आराखड्यात हा रंग फासणारा गाढव भेटला, तर त्याला माझा जिना रोज चारदा चढायला लावीन.

सहा पानी हरकत लिहिली आहे. नगररचनेत जन्म घालवलास, निदान ती तपासून दे. सुनावणी वीस तारखेला.

पाठीला तेल लाव. माया आहे तशीच आहे. उत्तराला उशीर केलास तर कमी होईल.

ताई

पुणे
९ जून

ती. क्रिस्टीनाताईस, सा. न.

हरकत चोख आहे. बाग पिवळ्यात जाईल, घर बांधता येईल. एकच दुरुस्ती: तो गाढव मी.

तेव्हा मी कनिष्ठ आरेखक होतो. ओढ्याकाठची विहिरींची जमीन मोकळी ठेवायची असं ठरलं होतं. पट्टा नेमका कुठून न्यायचा, ते साहेबांनी माझ्यावर सोडलं. आपली बाग वगळली असती, तर दुसऱ्याच्या शेताला रंग लावायला मला तोंड उरलं नसतं. म्हणून पहिला ब्रश तिच्यावरच फिरवला. तुला सांगायचं धाडस झालं नाही.

बरोबर केलं का, अजून ठाऊक नाही. इथे पाहतो, पट्ट्याने शहर थांबत नाही. उडी मारून पलीकडे वसतं आणि माणसं दोन-दोन तास प्रवास करून कामाला येतात. पण जिथे पट्ट्याला एक भोक पाडलं, तिथे पाच वर्षांत पट्टाच उरला नाही.

पायऱ्या तू माझ्यामुळे चढलीस. हरकत नक्की दे. राग ओसरला की दोन ओळी लिही, एवढंच मागणं.

आमोस

जि. अहिल्यानगर
२१ जून

चि. आमोस यास, अ. उ. आ. (गाढव हा शब्द मागे घेतलेला नाही.)

सुनावणीला माझ्यापुढे चाळीस जण. एकोणचाळीस जणांना पिवळं हवं होतं. एकटी रतनबाई वेगळी, आपल्या बागेला लागून जिचा भाजीचा मळा आहे ती. सुनावणी घेणाऱ्या साहेबांना विचारत होती, इहिरी आटल्या तर तुमचे बंगलेवाले काय पेट्रोल पितील का म्हून. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

मग नवा नकाशा नीट पाहिला. हिरवा रंग रतनबाईच्या मळ्यावरून, आईच्या बागेवरून येतो, शेजारच्या प्लॉटिंगवाल्याच्या कुंपणापाशी थांबतो आणि त्याची जमीन संपली की पुन्हा सुरू होतो. सहा पानं पर्समध्ये टाकली. तिथेच नवी हरकत लिहिली, दोन ओळींची: माझी बाग हिरवीच ठेवा, हा रंग कुंपणापाशी का थांबला ते लेखी कळवा. साहेबांनी दोनदा बजावलं की बाई, यात नुकसान तुमचंच आहे. मी सांगितलं की ते माझ्या भावाने आधीच करून ठेवलं आहे.

नाताळपर्यंत पेरू येतील. ये. पाटी तुझ्या डोक्यावर, बत्तीस पायऱ्या, रोज चारदा. लोभाचं त्यानंतर बघू.

ताई