नेस्टाच्या हातातलं कडं

ट्रेगॅरन, वेल्स, १२ मार्च २०१९

ती. एलुनेडताईस,
इद्वालचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पत्र. नेस्टा तशीच आहे. मी कधी तिचे वडील असतो, कधी मीटर बघायला आलेला माणूस, नवरा मात्र कधीच नाही. काल तिने मीटरवाल्याला चहा हवा का विचारलं. हवा होता.

सोमवारी तिला सांभाळायला बाई येते. ते दोन तास मी मेटल डिटेक्टर घेऊन शेतकरी गेथिनच्या वरच्या कुरणात जातो. तू त्याला म्हाताऱ्याचं खूळ म्हणतेस, म्हण. तिथे मला कोणी काही विचारत नाही. बारा वर्षांत काडतुसांची टोपणं, मेंढ्यांच्या कानातले बिल्ले आणि एक चमचा एवढंच मिळालं. चार तारखेला मात्र वीतभर खाली पिवळी तार दिसली. माती काढली, तर पीळ घातलेलं सोन्याचं कडं. असली मी संग्रहालयात काचेआड पाहिली आहेत. तीन हजार वर्षांपूर्वीचं तरी असेल.

घरी धूत होतो, तेवढ्यात नेस्टा मागे येऊन उभी राहिली. माझ्या हातातून घेतलं, मनगटात घातलं आणि म्हणाली, इद्वाल, अरे वेड्या, केवढा खर्च केलास! ताई, चौदा महिन्यांनी तिच्या तोंडून माझं नाव आलं. कडं हातात असलं की मी इद्वाल असतो.

असं जुनं सोनं सापडलं की चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याला, कळवायचं असतं, ठाऊक आहे. आठ झाले. कडं तिच्या हातातच आहे. फार थकलोय गं. रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
इद्वाल

•

स्वान्झी, १५ मार्च

चि. इद्वालास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. आधी रडले, मग चिडले. जमीन गेथिनची. तुझ्यावर भरवसा ठेवून त्याने फाटकाची किल्ली दिली. त्याला आजच्या आज सांग. नेस्टा पूर्वीची असती, तर तुला कानाला धरून घेऊन गेली असती. शेजारच्या गल्लीतलं पत्र चुकून घरी आलं, तर बर्फातून पोचवून येणारी बाई ती. तिच्या हातात दुसऱ्याची वस्तू ठेवून तू तिच्यावर प्रेम करतोयस असं स्वतःला समजावू नकोस.

अठ्ठावीसला, गुरुवारी, बसने येते. दोन आठवडे राहीन. तू नुसता झोप. रस्सा मात्र मी करीन, तुझा खारट होतो.

रागावलेली, पण तुझीच,
एलुनेड

•

ट्रेगॅरन, २४ मार्च

ती. एलुनेडताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी गेथिनकडे गेलो. त्याने सगळं ऐकलं, टोपी काढून डोकं खाजवलं. त्याची आईही शेवटी याच दुखण्यात गेली. म्हणाला, काका, मी काही पाहिलं नाही, राहू दे तिच्याकडे. हे ऐकायला मी किती आतुर होतो, काय सांगू! रविवारभर तसाच बसून राहिलो. सोमवारी, चौदाव्या दिवशी, कॉरोनरला फोन केला.

शुक्रवारी संग्रहालयातली लाउरी नावाची मुलगी आली. नेस्टा हात पदराआड धरावा तसा स्वेटरमध्ये लपवून बसली. लाउरीने घाई केली नाही. दोन कप चहा प्यायली, माझा जळलेला केक खाल्ला. शेवटी नेस्टानेच विचारलं, हे आहे तरी कोणाचं? लाउरी म्हणाली, एका बाईचं असावं, नाव माहीत नाही. नेस्टाने कडं मनगटावर फिरवून पाहिलं. मग म्हणाली, बिचारी शोधत असेल. आणि आपण होऊन काढून दिलं. मनगटावर वळ उठला होता, तो मी चोळत बसलो. मला सुटल्यासारखंही वाटलं, ताई, आणि त्याचीच लाज वाटली.

लाउरीची गाडी वळणाआड गेली, तरी आम्ही दारात उभे होतो. नेस्टाने माझी बाही ओढली आणि अगदी अदबीने म्हणाली, अहो, तेवढं इद्वालला कोणीतरी सांगा, तो अजून कुरणात असेल, थंडी फार आहे, घरी ये म्हणावं.

मी म्हटलं, सांगतो.

गुरुवारी थांब्यावर येतो. आहेस तशीच ये.

तुझा,
इद्वाल