अभ्यासिकेतले लाइट

मंगळवार, उमरखेड

चार दिवस लिहायचं टाळलं, कारण लिहायला नुसती फजितीच होती. सुमनकाकूंच्या अभ्यासिकेत मी माणूस हलला की लागणारे लाइट बसवले, पण वाचणारे पोट्टे हलतातच कुठं? खोली रिकामी समजून लाइट बंद! मग सगळे हात हलवत बसायचे.

काकू म्हणाल्या, "आज पुन्हा लाइट गेले तर काढून ने बाप्पा तुयं सामान." वायरमन गजूभाऊ हसला, "उमरखेडात कोण घेते हे?"

आज नुसत्या श्वासानं माणूस ओळखणारा सेन्सर लावला. भज्यांचा वास येत होता, तरी लक्ष ठेवून तिथंच बसलो. संध्याकाळभर एकही हात वर नाही! पंखेही त्यालाच जोडले होते; रिकाम्या रांगेचे तेवढे बंद. काकू म्हणाल्या, "वरच्या मजल्यावरही लाव."

जिंकलो! पण दारात कोण? गजूभाऊ! "मले हे लावाले शिकवतं का बे? दुकानदार हेच मागून राह्यले."