सहा ते सातचा नेम

३ जुलै, गुरुवार
आज पुन्हा बोंबललं. सहाला उठले, लॅपटॉप उघडला, कथेतली चित्रा तशीच उभी. संक्रांतीपासून बिचारी शनीच्या एका चंद्रावरच्या तळावर, दाराच्या चाकावर हात ठेवून उभी आहे. बाहेर मोडका अँटेना, आत ती आणि एक म्हातारा डॉक्टर. तिनं दार उघडावं म्हटलं की इकडे मला कोणीतरी हाक मारतं.
आज आधी दूधवाला. मग नवरा, ओझरची बस गाठायची घाई: "माझा पांढरा रुमाल कुठाय?" मग सासूबाई: "मीनल, तू काही करत नाहीयेस ना? मग जरा..."
"काही करत नाहीयेस ना" हे वाक्य फ्रेम करून हॉलमध्ये लावावं.
वय बेचाळीस. सुरू केलेल्या विज्ञानकथा सात, पूर्ण एकही नाही. दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "गणपती बसायच्या आत पाठवा. पण पूर्ण. अर्धी मी वाचत नाही." पाठवणार. पाठवणार म्हणजे पाठवणार.

७ जुलै, सोमवार
भानगड झाली.
काल जेवताना जाहीर केलं, "उद्यापासून सकाळी सहा ते सात माझा नेम. मी बोलणार नाही, मला कोणी हाक मारायची नाही." मला म्हणायचं होतं लिहायचा नेम. काल एकादशी, चातुर्मास लागला हे डोक्यातच नाही! आईंनी भगरीची ताटली खाली ठेवली, हात जोडले. "चातुर्मासाचा? मौन धरलंस? बाई गं!" डोळ्यांत पाणी. प्रमोदनं माझ्याकडे बघितलं, मी प्रमोदकडे. नवरा म्हणून त्यानं तरी बोलायचं! तो भगर वाढून घेत बसला. मी तोंड उघडलं आणि मिटलं.
म्हटलं, सकाळी काय होतं ते बघू.
सकाळी दूधवाला आला तर आई दारात ओठावर बोट ठेवून उभ्या. शिट्टी होईल म्हणून कुकर नाही लावला. रुमाल प्र.नं स्वतः शोधला, लग्नानंतर पहिल्यांदा.
दीड पान झालं. सांगू का आईंना खरं? उद्या सांगते.

१५ जुलै, मंगळवार
नाही सांगितलं. रोज बसतेय.
आईंना वाटतं मी जप लिहिते. शेजारच्या शेवाळेकाकूंना समजावत होत्या, "हल्ली रामनाम टाइप करून लिहितात, वह्यांचा काळ गेला." माझ्या बाजूला उदबत्ती, कीबोर्डवर राख.
आतापर्यंतचं वाचून काढलं. काही राम नाही. अंबडला कंपनीत दिवसभर दरवाज्यांच्या रबरी सीलची ड्रॉइंगं काढते, म्हणून काय तीन पानं नुसतं चित्राच्या दाराचं सील? आणि बोलतात कसे! "पृथ्वीशी संपर्क प्रस्थापित झाला आहे काय?" "नाही, संपर्क प्रस्थापित झालेला नाही." शाळेच्या गॅदरिंगमधलं नाटक. तिन्ही पानं उडवली. जीव तुटला, पण उडवली.

१७ जुलै, गुरुवार
मौनाचा एक फायदा आत्ता कळला. गप्प बसलेल्या माणसासमोर लोक मोकळं बोलतात.
शेवाळेकाकू सटाण्याकडच्या, बोलणं अहिराणी. सकाळी सकाळीच कढीपत्ता मागायला येतात आणि बसतात. आज आईंना म्हणाल्या, "तुनी सून मुकी व्हयनी का?"
आई: "चहा ठेवू?"
काकू: "माय वं, मना पाय दुखतस."
आई: "साखर संपलीये वाटतं."
कोणी कोणाला उत्तर देत नाही! आणि तरी दोघींचं एकमेकींना सगळं पोचतं. लगेच लिहिलं. डॉक्टर विचारतो, "बाहेर जाणार आहेस का आज?" चित्रा म्हणते, "दाढी वाढलीये तुमची." बास, दोघं जिवंत झाले. मला हसू आवरेना, आणि मौनात हसायचं नसतं म्हणे.

२० जुलै, रविवार
कालपासून अडलंय. चित्रा दार का उघडत नाही हे मलाच माहीत नाही, तर ती काय डोंबल उघडणार. डोक्यावरून पांघरूण घेतलं.
सहाला पाच कमी असताना आईंनी येऊन ओढलं.
"डोकं दुखतंय आई."
"नेमाला डोकं नसतं. ऊठ."
"एक दिवस चुकलं तर काय बिघडतं?"
"एक दिवस चुकलं की दुसऱ्या दिवशी चुकायची लाज वाटत नाही. कणीक मी मळते, तू बस."
बसले. एक ओळ लिहिली, खोडली. पण बसले. पैसे भरून लेखनाच्या शिबिराला गेले होते, तिथे हे कोणी सांगितलं नव्हतं.

२९ जुलै, नागपंचमी
चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. असा सण वर्षातून एकच का?
सकाळचं लिहून ठेवायला हवं. पुढच्या मंगळवारी आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. वर्षभर टाळलंय त्यांनी. पेपर वाचता येत नाही, प्र. मथळे वाचून दाखवतो, तरी नको म्हणायच्या. भीती. आज काकूंनी विचारलं, धास्ती नाही का वाटत? तर आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मला कसली धास्ती? पोरीनं माझ्या डोळ्यांसाठी नेम धरलाय. बोलली नाही ती मला, पण कळतं ना."
मी तिथेच. तोंड बंद. 'नाही हो आई, तसं नाहीये' म्हणायचं तर नेम मोडतो, आणि नेम मोडला तर त्यांचा धीर जातो. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.
सात वाजल्यावरही नाही बोलले. दिंडं उकडायला ठेवली.
प्र.ला सांगितलं. म्हणाला, "ऑपरेशन होऊ दे, मग सांग."
"आणि मग माझी सकाळ?"
"मग गेली."
हसत नव्हता. खरंच आहे त्याचं. या घरात मौनाला तास मिळतो, कथेला पाच मिनिटं मिळत नाहीत.

३० जुलै, बुधवार
कळलं! कळलं!
चित्रानं घरी आईला सांगून ठेवलंय की परतीचं यान ठरलंय. ठरलेलं नाहीये. अँटेना दुरुस्त झाला की आईचा आवाज येणार, ती विचारणार, कधी येतेस? मोडका आहे तोवर बरं आहे. म्हणून ही बाई दाराशी जाऊन उभी राहते आणि दार उघडत नाही. एवढं साधं, आणि सहा महिने मी सील घासत बसले.
चार पानं. चहा गार झाला, समोर होता तरी दिसला नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार
ऑपरेशन झालं. छान झालं.
आत नेताना आईंनी माझा हात धरला. "सकाळी बसलीस ना?"
बसले होते. मान हलवली.
"मग झालं तर," म्हणाल्या आणि गेल्या आत.
मला रडू फुटलं. प्र. म्हणाला, "अगं, साधं ऑपरेशन आहे." मी त्यासाठी रडत नव्हते.

१४ ऑगस्ट, गुरुवार
आई पेपर वाचतात! मोठ्यानं, निधनवार्तांसकट. कढीपत्त्यावरचा मावा दिसला. पंख्यावरची धूळ दिसली, माझी शोभा झाली. कार्तिकीला नेमाचं उद्यापन करायचं ठरवलंय, काकूंना जेवायला सांगूनही झालं.
खरं सांगायला तीनदा गेले. एकदा गॅस संपला, एकदा फोन आला, एकदा मी घाबरले. तिन्ही वेळा मी घाबरलेच होते.
लिहिणं मात्र चालू. आता आई उठवायला येतात तेव्हा मी आधीच उठलेली असते.

२५ ऑगस्ट, सोमवार
संपली.
चित्रानं चाक फिरवलं. बाहेर गेली, अँटेना सरळ केला, आत येऊन हेडफोन लावून बसली. आवाज येतो की नाही ते मी लिहिलं नाही. लिहून बघितलं, खोटं वाटलं, काढून टाकलं.
आयुष्यात पहिल्यांदा 'समाप्त' टाइप केलं. टाइप करून नुसती बघत बसले. मला जमलं हो!
उद्या एकदा वाचायची आणि पाठवायची. परवा गणपती.
प्र.ला म्हटलं, पेढे आण. म्हणाला, "आईनं विचारलं तर कशाचे सांगू?"
"नेम लागला म्हण."

२६ ऑगस्ट, हरतालिका
सहाला बसले. अक्षरं मोठी करून शेवटचं वाचत होते. रोज आई उदबत्ती लावतात आणि जातात. आज लावली आणि तिथेच थांबल्या. डोळ्यांवर चष्मा.
लॅपटॉप मिटवता आला असता. हात गेलासुद्धा. नाही मिटवला. उठून त्यांना खुर्ची दिली आणि पहिलं पान वर आणलं.
बोट ओळीखाली धरून, ओठ हलवत वाचायला लागल्या. पहिलं पान झालं, दुसरं झालं. मग माझ्याकडे बघितलं.
"मीनल, यात राम कुठाय गं?"
मी तोंड उघडलं. सांगणारच होते, देवाशप्पथ. त्यांनीच ओठावर बोट ठेवलं.
"थांब. नेम मोडू नकोस. सातला सांग."
आणि खुर्ची पुढे ओढून तिसरं पान.
बेल वाजली. त्या उठल्या नाहीत, ऐकूही गेली नसावी. मीच गेले, दूधवाल्याला ओठावर बोट ठेवून गप्प केलं आणि पातेलं हळूच आत आणून ठेवलं.
हे मोबाइलवर लिहितेय, स्वयंपाकघरात उभी राहून. इथून त्यांची पाठ दिसते. आत्ताच स्वतःशी म्हणाल्या, "अगं, उघड की दार."
सात वाजत आलेत.