फ्रिजमधल्या शैवालांचा वारस

मी, सौ. ऊर्मिला सुधीर देवस्थळी, राहणार कुक्सहाफेन, जर्मनी, शरीराने खिळखिळी पण डोक्याने ठणठणीत असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक पती सुधीर आणि मुलगी ओवी यांना निम्मी-निम्मी. अहो, फ्रिज मात्र यात धरू नका.

२. सदर फ्रिजमध्ये, लाल दिव्याखाली, केल्प या समुद्री शैवालाच्या मूळ जाती आहेत. नर वेगळ्या बाटल्यांत, मादी वेगळ्या. इथल्या समुद्र-संशोधन संस्थेत नोकरी लागण्यापूर्वी मी त्या किनाऱ्यावरून स्वतः गोळा केल्या, म्हणून त्या माझ्या. सर्वांत जोमदार संकर ज्या नरापासून होतो, त्याला मी सासऱ्यांचं, कै. शरदचंद्ररावांचं, नाव दिलं. वाढायला सुस्त, पण एकदा बसला की जागा सोडत नाही.

३. समुद्रात शैवालाची शेती करणारे त्या संकराला ‘होल्टकाम्प-१’ म्हणतात. प्रोफेसर होल्टकाम्प हे माझे वरिष्ठ. समुद्राच्या पाण्यात त्यांनी बोट बुडवलं ते सत्काराच्या दिवशी. हा संकर दर हंगामाला नव्याने करावा लागतो आणि त्याला मूळ आई-बापच लागतात, हे त्यांना ठाऊक असावं असा माझा समज होता. वार्ताहरांसमोर फोटो झकास यावा म्हणून त्यांनी प्रयोगशाळेत पांढरा दिवा लावला आणि नर-मादी एकाच भांड्यात ओतले. पांढऱ्या उजेडात ते जुळतात. संस्थेतल्या सगळ्या जातींची खिचडी झाली. शुद्ध उरल्या त्या फक्त माझ्याकडे.

४. म्हणून परवा प्रोफेसर ट्यूलिप घेऊन आले. “तर मग, फ्राऊ देवस्थळी, बाटल्या संस्थेतच शोभतील.” माझी तब्येत विचारायची राहून गेली.

५. सर्व बाटल्या व सूक्ष्मदर्शक माझी विद्यार्थिनी शिवांगी हिला. “सर, पांढरा दिवा नको,” असं तेव्हा ती एकटीच म्हणाली होती. तिचं कंत्राट पुढे वाढलं नाही. संकराचं नाव तिने नव्याने ठेवावं. मरणाची मला भीती वाटत नाही, या बाटल्यांचं पाणी बदलायचं राहील याची वाटते. ही पोर ते बदलेल.

६. प्रोफेसरांना माझा टेबललॅम्प. उजेड पांढराशुभ्र आहे.

कुक्सहाफेन, १४ मार्च २०२५
(सही) ऊर्मिला देवस्थळी

साक्षीदार:
१. मालिनी परचुरे, शेजारीण
२. प्रा. डॉ. डीटर होल्टकाम्प. आज बाटल्यांसाठी पुन्हा आले होते. यांना मराठी येत नाही. जर्मनमध्ये सांगू का, असं मी विचारलं. “नको, तुमच्यावर माझा विश्वास आहे,” म्हणाले आणि स्वतःचं पेन काढून सही केली.