हिरवा दिवा

मंगळवार, संध्याकाळ. जळगाव.

सर्जिकलच्या दुकानात लागले म्हणून शेठनी वैद्यकीय उपकरणांच्या कायद्याच्या ऑनलाइन वर्गाला बसवलंय. आज सकाळी मॅडम म्हणाल्या, उपकरणामुळे रुग्णाला इजा झाल्याची नुसती शंका आली तरी सरकारला कळवायचं. कोणीही कळवू शकतं. कोणीही? मग आम्ही का नाही?

मला आबांचं ऑक्सिजनचं मशीन दिसत राहिलं. आबा गेले त्या सकाळी त्याचा हिरवा दिवा लागलेला होता आणि आबांचे ओठ निळे पडले होते. दिवा हिरवा, म्हणून घरातले सगळे निवांत. नंतर लोक म्हणाले, त्यांचे दिवस भरले होते. वडील गेले तरी मला तेव्हा रडू आलं नाही. आजही येत नाही.

तेराव्यानंतर आईने ते मशीन साक्रीला आबांच्या भावाकडे, नानांकडे पाठवलं. काकूंना दम लागतो. आपल्याकडे गेलेल्या माणसाचं मशीन असंच पुढच्या घरी जातं, पुण्य म्हणून.

वर्ग अर्धा सोडून फोन लावला. नाना म्हणाले, "हिरवा दिवा लागेल शे, बेटा. काळजी नको करू."

"नाना, दिवा नका बघू. काकूंचे ओठ बघा."

काकू आता दवाखान्यात आहेत, सिलिंडरवर. माझ्याशी दोन शब्द बोलल्या. बरं वाटायला हवं होतं ना?

उद्या कळवणार आहे, दोघांचंही. मशीन एसटीने परत येतंय. आई विचारत होती, आबांच्या कोपऱ्यातच ठेवू का?

ठेव म्हटलं. फक्त प्लग लावू नकोस.