मामाची मासोळी

३ जुलै
अलिबागची भिंत संपली. माझ्या मासोळीसमोर उभं राहून लोक फोटो काढताहेत. एकाने विचारलं, ही शैली कुणाकडून घेतली? म्हटलं, दामूमामाकडून, तो होड्या रंगवायचा. पठ्ठ्याने लिहून घेतलं, 'लोककला'. मामाला नाव आहे की!

६ जुलै
मुरुड. मामाला भिंतीचा फोटो दाखवला. फोन डोळ्याला लावून बसला बराच वेळ.
"नुसता रंग दिसतोय, बाय. तोंड कुठं केलंस तिचं?"
"रस्त्याकडे. लोक तिथून बघतात ना."
"दर्याचे बाजूला न्हाय?"
मामीने चहा आणला.

११ जुलै
बंदरावर लाकडी होड्यांना फायबरचा थर चढवताहेत. मामाच्या हातची शेवटची मासोळी नारायणच्या होडीवर. नारायणला म्हटलं, थांब ना थोडं.
"मासली बघू का पानी शिरतंय तं बघू?"
त्याचंही खरंच. सोमवारी काम.

१२ जुलै
पातळ कागद घेऊन मासोळी उतरवायला गेले. होडीच्या बाकदार अंगावर कागद बसेना, नुसत्या चुण्या. घरी सपाट केला तर मासोळी मेलेली. पोटाची गोलाई होडीचीच होती!
मामा म्हणाला, "आधी होरीवर हात फिरवायचा. मंग ती सांगते."
इतक्या भिंती रंगवल्या, एकीवर हात फिरवला नाही. दर आखाडात मामाचा निरोप यायचा, ये रंगवायला. माझं आपलं, पुढच्या वर्षी नक्की. तेव्हा त्याला दिसत होतं.

सोमवार
चढलं फायबर. डोकं भणभणलं त्या वासाने. मामाला नेलं नाही. धीर झाला नाही.

नारळी पौर्णिमेचा आदला दिवस
सकाळी नारायण दारात. "कोरी होरी दर्यात कशी सोडू? तूच काढ."
मामाला हाताला धरून नेलं. त्याने होडीवर हात फिरवला, परत फिरवला.
"सगली गुलगुलीत. काय बोलंना ही." मग माझा हात धरून तिथेच दाबून ठेवला. "तुला लागतंय का काय?"
काहीच लागत नव्हतं. खोटं बोलवेना. "नाही," म्हटलं.
"ठेव मंग तसाच," म्हणाला, आणि बाजूला उलट्या टोपलीवर बसून राहिला.
संध्याकाळपर्यंत मासोळीचं तोंड तेवढं झालं. दर्याकडे. पोट काढलेलं नाही. उद्या पूजेआधी पुन्हा हात लावून बघेन.