घरच्या घरी पोस्ट ऑफिस

वाल्येवो, सर्बिया, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा

तीर्थरूप विदाताई हिस,

धाकट्या भावाचा, म्हणजे स्वेतोझारचा, तुझ्या तोझाचा, साष्टांग नमस्कार. (गुडघे आणि कंबर सोडून बाकीची अंगं टेकली आहेत असं समजावं.) तुझी तब्येत उत्तम असणार, यात शंका नाही. गेली तीन वर्षं आमच्या हिने, रुझित्साने, लिंत्सला फोन केला की दाजी सांगतात, ती आंघोळीला गेलीय. इतकी स्वच्छ बाई अख्ख्या ऑस्ट्रियात दुसरी नसेल. सर्दीला मात्र जप. इकडे सगळं ठीक. माझा रक्तदाब डॉक्टरला आवडत नाही आणि मला डॉक्टर आवडत नाही, तेव्हा फिटंफाट.

हे पत्र आणि सोबतची आयवारच्या चटणीची बरणी (मिरच्या रुझित्साने स्वतः भाजल्या आहेत, धूर अजून पडद्यांना आहे) तुला लिंत्सच्या बसचा ड्रायव्हर मिलोये आणून देईल. बरणी ठेवून घे. पत्र मात्र लगेच वाच, कारण येत्या रविवारी चर्चहून आल्यावर तू नातवंडांशी बोलायला कॉम्प्युटर उघडशील, तेव्हा त्यात माझी ढीगभर पत्रं येऊन पडलेली दिसतील. ती एकही न वाचता पुसून टाक. का, ते सांगतो. जरा लांबण लागेल, पण दोन आंघोळींच्या मध्ये वाचून होईल.

तुला आठवत असेलच (तू काही विसरत नाहीस, हा तुझा फार मोठा गुण), की तीन वर्षांपूर्वी स्लावाला, आपल्या घराच्या संताच्या दिवशी, भरल्या टेबलावर, पाद्रीबाबांच्या देखत तू म्हणालीस की सार्म्याचा कोबी दुकानातल्या पाकिटातला लागतो. खिमा गुंडाळायचा तो कोबी रुझित्सा स्वतः पिंपात मुरवते, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. तिने फक्त तुझी ताटली उचलली. तू कोट चढवलास आणि त्यानंतर माहेरचं तोंड पाहिलं नाहीस. आपल्याकडे स्लावाला कोणी कोणाला बोलावत नाही, ज्याला यायचं तो आपणहून येतो, ही रीत मी तुला शिकवायला नको. गेले दोन नोव्हेंबर सारी गल्ली आपणहून आली. नाही आली ती एक तू.

तर या वसंतात मी ठरवलं, ताईला इमेल करावा. कागदावर लिहिलं की माणूस गरजू दिसतो. इमेलचं तसं नसतं, तो सहज जाता जाता पाठवल्यासारखा वाटतो. तुझा पत्ता दाजींनी फोनवर कुजबुजत दिला. ‘मी दिला म्हणून सांगू नकोस हां,’ म्हणाले, ‘मला अजून याच घरात राहायचंय.’ (मीही सांगत नाहीये.)

आता इमेल पाठवायला जगातली माणसं कुठल्यातरी कंपनीची फुकटची पेटी घेतात आणि मोकळी होतात. पण आपल्या शेजारी झिवोता राहतो. ज्याचा जन्म पोस्टात पत्रं वाटण्यात गेला आणि निवृत्त झाल्यावरही जो रोज सकाळी आमच्या पत्रपेटीचं झाकण वाजवून बघतो, तोच. म्हणाला, ‘तोझा, ते फुकटवाले पत्र आधी स्वतः वाचतात, मग पोचवतात. वेडा आहेस का? आपण आपलं पोस्ट ऑफिस घरातच उघडू.’ आणि खरोखरच त्याने माझ्या कॉम्प्युटरच्या पोटात स्वतंत्र टपालखातं बसवलं. तो आठवडाभर आमच्याकडे जेवत होता. कॉम्प्युटरला काय मिळालं माहीत नाही, झिवोताचं पोट मात्र सुटलं. शेवटी त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की आता तुझी पत्रं दुसरा कोणीही वाचू शकणार नाही. माणूस शब्दाला जागला. वसंतापासून आजवर ती एकाही जिवंत माणसाने वाचलेली नाहीत.

चाचणी म्हणून मी मलाच पत्र लिहिलं: प्रिय तोझा, कसा आहेस? डोळ्याची पापणी लवायच्या आत आलं. मी उत्तर दिलं, मी बरा, तू कसा? तेही आलं. इतक्या तत्परतेने मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. आम्ही आलुबुखाराच्या रकियाचा, घरच्या दारूचा, एकेक पेला घेतला (एकेक म्हणजे काय ते तू समजतेस) आणि पोस्ट ऑफिस यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. मग मी तुला पहिलं पत्र पाठवलं. उत्तर नाही. दुसरं पाठवलं. उत्तर नाही. म्हटलं, आंघोळीत असेल. तिसऱ्यापासून माझा आवाज थोडा चढला.

झिवोताकडे तक्रार केली की तो टोपी काढून कामाला लागायचा. आधी वायर काढून परत खोचली. मग कॉम्प्युटर खिडकीकडे सरकवला, कारण ऑस्ट्रिया त्या बाजूला. मग आतले कुठलेसे दरवाजे उघडले, कुठलेसे लावले. त्याने छपाईचं यंत्र कायमचं बंद पडलं आणि मी मला पाठवलेली पत्रं मात्र आणखी लवकर मिळू लागली. ‘आपल्याकडे काही दोष नाही,’ झिवोता म्हणाला, ‘गोंधळ लिंत्समध्ये आहे.’ मलाही ते पटलं. लिंत्समध्ये काय गोंधळ आहे ते मी लहानपणापासून ओळखतो.

पडद्यावर माझ्या पेटीखाली आणखी एक पेटी दिसायची, ‘पोस्टमास्तर’ नावाची. ती रोज फुगत होती. मी एकदा तिच्यावर बोट ठेवायला गेलो तर झिवोता पांढराफटक पडला. ‘हात लावू नकोस! ते पोस्टमास्तरांचं टपाल आहे. अख्ख्या नोकरीत दुसऱ्याच्या नावाचं पाकीट मी फोडलं नाही, ते आता म्हातारपणी फोडू?’ मी विचारलं, हे पोस्टमास्तर कोण? म्हणाला, ‘असतात. वर असतात.’ इतक्या सचोटीपुढे मी बोट मागे घेतलं. उन्हाळा गेला, आलुबुखारांचे सडे पडले, आम्ही दोघे त्या पेटीसमोर आदराने बसत राहिलो.

काल रुझित्सा टेबल पुसायला आली. तिने चष्मा लावून पडदा पाहिला आणि विचारलं, ‘पोस्ट ऑफिस या घरात आहे ना? मग पोस्टमास्तर कोण, मांजर?’ आणि उघडली की पेटी. आत माझी सगळी पत्रं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. प्रत्येकाला चिठी जोडलेली, की या घरातून बाहेर जायचा रस्ता कोणी सांगितलेला नाही, सबब पत्र परत. बिचारा कॉम्प्युटर वसंतापासून ओरडून सांगत होता. झिवोताने पाणी मागितलं. (पाणी! झिवोताने!) मग प्रायश्चित्त म्हणून त्याने बाहेरचा रस्ता भरला, सगळी पत्रं एकदम निवडली, आणि मी थांब म्हणेस्तोवर कळ दाबली.

म्हणून सांगतो, पुसून टाक. तुला उत्तर द्यायचं नाहीये अशा समजुतीने लिहिलेली पत्रं आहेत ती. त्यात तुझं नाक कोसारामावशीवर गेल्याचा उल्लेख आहे. तुझा अक्रोडाचा रोल आमच्या कोंबड्यांनी कसा पायाने सरकवला, हे दोनदा आहे. एका पत्रात दाजींबद्दल सहानुभूती आहे. तेवढं एक खरं आहे, पण तेही वाचू नकोस.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा न चिडलेला भाऊ,
स्वेतोझार

ता. क. पहिलं पत्र पुसू नकोस. ते छोटंसं आहे. शेगडीजवळची तुझी खुर्ची अजून कोणाला बसायला देत नाही, एवढंच त्यात आहे. रुझित्सा तिच्यावर मांजरालासुद्धा बसू देत नाही.

ता. क. (हे अक्षर रुझित्साचं आहे, ताई.) कोबी याही वर्षी घरच्याच पिंपात मुरवलाय. कोणाला खात्री करायची असेल तर पिंप तळघरात आहे. जिना उतरावा लागतो, हात धरायला मी येईन.

ता. क. झिवोता आत्ता धापा टाकत आला होता. कालची पत्रंही गेलेली नाहीत. सगळीच्या सगळी पुन्हा पोस्टमास्तरच्या पेटीत हजर आहेत. म्हणजे तुझ्याकडे पुसायला काही नाही आणि हे पत्र लिहायचं कारणच उरलं नाही. फाडून टाकायला हवं. पण खाली मिलोये हॉर्न वाजवतोय, आणि नुसती बरणी पाठवणं बरं दिसत नाही. आठ नोव्हेंबर यंदा शनिवारी आहे. स्लावाला आपल्याकडे कोणी कोणाला बोलावत नाही, तेव्हा मीही बोलावत नाही. मिलोये आदल्या दिवशी, शुक्रवारी, लिंत्सहून परत निघतो. त्याच्या बसमधली खिडकीजवळची एक जागा मी धरून ठेवायला सांगितली आहे. उजवीकडची. डावीकडे बसलं की तुला मळमळतं.